गालातला कापूस

ब्रेकबाईंकडे मी गाडी शिकायला गेले तेव्हा माझी चाळिशी उलटली होती आणि लायसन्सच्या परीक्षेत मी तीनदा आपटले होते. हे नाव त्यांना शिकायला येणाऱ्या पोरांनी ठेवलेलं. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि बाईंचा पाय त्यावर असा झटकन पडायचा की आपण कुणाला तरी धडकणार होतो हे शिकणाऱ्याला मागाहून समजायचं. नाव त्यांच्या कानावर होतं. "बिनब्रेकची म्हणण्यापेक्षा बरं," एवढंच म्हणायच्या.

पुढची हकिगत त्यांनीच मला सांगितली, पण सलग कधीच नाही. थोडी लाल सिग्नलला, थोडी पेट्रोलच्या रांगेत, आणि ओळख मुरल्यावर बरीचशी त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्याशी उभ्या उभ्या.

टायरच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ मेकॅनिक. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या तोच बघायचा आणि जेवायला बहिणीकडे असायचा. पन्नाशीला टेकल्यावर बाईंनी बालकल्याण खात्यात नाव नोंदवलं. ज्या मुलांना सांभाळणारं कुणी उरलं नाही त्यांना कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवायचं, असं ते काम. खात्याच्या भाषेत याला प्रतिपालक म्हणतात. मूल खात्याच्या ताब्यातलं, जेवणखाण, शाळा, ताप-खोकला आपल्याकडे, आणि सही मात्र कशावरच आपली चालत नाही. साधा दात काढायचा म्हटलं तरी खात्याला विचारायचं. अशी दोन-तीन मुलं येऊन गेली. मग ही आली.

सहा वर्षांची होती. जेवताना एक पाय खुर्चीवर, दुसरा हवेत. बोलता बोलता उठून दाराला लोंबकळायची, परत यायची, घास घ्यायची, पुन्हा जायची. बाईंचा भाऊ पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, "ताई, हिच्या पायाला भिंगरी आहे की ही अख्खीच भिंगरी आहे?" तेच नाव पडलं. ती बाईंना मावशी म्हणायला लागली, ते कुणी शिकवलं नव्हतं.

भिंगरीची आई अपघातात गेलेली. बाप घरं रंगवायचा, पण पस्तिशी ओलांडल्यावर त्याचे हातपाय त्याचं ऐकेनासे झाले. शिडीवरून पडला, डबे सांडायला लागला, लोक म्हणाले पितो. पीत नव्हता. आजार होता, मेंदूचा. बाई दर महिन्याला भिंगरीला त्याच्याकडे रुग्णालयात न्यायच्या. तो पलंगावर पडून असायचा आणि त्याचे हात आपोआप उडायचे, मान वळायची, जीभ अडखळायची. भिंगरीला वाटायचं बाबा खेळतायत. तीही पलंगाशी उभी राहून तसेच हात उडवायची, आणि तो हसायचा. बाईंना ते बघवायचं नाही आणि तिला थांबवायचा धीरही व्हायचा नाही.

तो गेला तेव्हा भिंगरी आठ वर्षांची होती. त्यानंतर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाईंना आणि भिंगरीचं प्रकरण बघणाऱ्या खात्याच्या मॅडमना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. हा आजार रक्तातून उतरतो. बापाला असला तर मुलात येण्याची शक्यता निम्मी. आला तर तिशी-चाळिशीत डोकं वर काढतो. औषध नाही. जनुकांची तपासणी केली तर येणार की नाही हे आजही कळू शकतं.

"मग करून टाकायची का?" बाईंनी विचारलं.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लहानपणी कळून काही उपाय करता येत असता तर केली असती. इथं करण्यासारखं काहीच नाही. उद्या मोठी होऊन ती म्हणाली मला जाणून घ्यायचंच नव्हतं, तर तिचं ते 'नाही' आपण आजच खर्च केलेलं असेल. ती सज्ञान झाल्यावर तिचं ती ठरवेल."

बाईंना ते पटलं. पटलं म्हणून झोप आली असं मात्र नाही. त्या दिवसापासून भिंगरीच्या हातून पेला निसटला की बाई हातातलं काम सोडून तिच्या बोटांकडे बघत राहायच्या. या वयात हे दिसत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तरी तिला सरळ रेघेवरून चालायला लावायच्या, खेळ म्हणून. ती चालायची आणि शेवटी मुद्दाम धडपडायची.

वर्षभरानं भिंगरीला दत्तक घ्यायला एक जोडपं पुढं आलं. तो चष्म्याचं दुकान चालवायचा, ती शाळेत गाणं शिकवायची. माणसं चांगली होती, हे बाई आजही सांगतात. भिंगरी शनिवार-रविवार त्यांच्याकडे राहायला जायला लागली. तिकडे पेटी वाजवायला मिळते म्हणून खूश होती. आजाराची गोष्ट खात्यानं त्यांच्यापासून लपवली नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं आणि तपासणी मागितली.

मॅडमच्या टेबलापाशी बाईही होत्या. गाणंवालीचा आवाज खाली होता. "आम्ही नाही म्हणत नाही आहोत. माझ्या आईला मी अंथरुणावर सांभाळलंय. माझी उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली. परत तसं असेल तर आधी माहीत हवं. मनाची तयारी करायला."

"खात्याला परवानगी देता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "जी तपासणी मुलीच्या उपचारासाठी नाही, ती आपण तिच्यावर करू शकत नाही. ही तपासणी तिच्यासाठी होत नाही, तुमच्यासाठी होते."

"पोटची मुलगी असती तर आम्हीच ठरवलं असतं ना?" चष्मेवाला म्हणाला.

"पोटची असती तरी डॉक्टरांनी नाहीच म्हटलं असतं."

बाईंना दोन्ही बाजू दिसत होत्या आणि दोन्ही बाजूंचा राग येत होता. घरी भावाला सांगितलं तर तो ताटावरून मान न उचलता म्हणाला, "ताई, गाडी घेताना आपण बॉनेट उघडून बघतोच की."

"ती गाडी आहे का?"

"तसं नाही गं, मी आपलं बोललो."

"गाडीला कळत नाही तू काय बघितलंस ते. हिला कळणार आहे."

त्यानंतरच्या एका रविवारी संध्याकाळी बाई भिंगरीचे केस विंचरत होत्या. ती तिकडच्या गोष्टी सांगत होती. पेटीची एक पट्टी अडकते, काका झोपेत बोलतात, असं काय काय. मग म्हणाली, "आणि काकूंनी माझ्या गालात कापूस फिरवला."

"कुठं?"

"आतून. काडीला लावलेला होता. मग तो नळीत घातला. मी म्हटलं कशाला, तर म्हणाल्या प्रयोग आहे. मी म्हटलं बेडकाचा का? तर काका उठून बाहेर गेले."

बाईंचा कंगवा केसातच राहिला. भिंगरी म्हणाली, "ओढू नकोस ना," पण त्यांनी ओढलाच नव्हता, हात तसाच थांबला होता.

पुढचे काही दिवस बाईंनी शिकवताना दोन वेळा गाडी विनाकारण थांबवली. कळत होतं की खात्याला कळवायला हवं. कायद्यानं बंदी, मुलीशी खोटं बोलणं, सगळं त्यात आलं. पण कळवलं तर हे घर हातचं जाणार, आणि भिंगरी त्यांच्याकडेच राहणार. आणि ती राहावी असं बाईंना वाटत होतं. पहिल्या शनिवारी तिची पिशवी भरताना वाटलं होतं, तेव्हापासून वाटत होतं. म्हणजे मी हे तिच्यासाठी सांगणार की माझ्यासाठी? हा भुंगा डोक्यातून जाईना. फोन उचलायच्या, ठेवायच्या. भांडी घासलेली परत घासायच्या.

शेवटी भिंगरीनंच विचारलं, "मावशी, प्रयोगाचा निकाल लागला का? मी पास झाले का?"

बाईंनी तिला शाळेत सोडलं आणि गाडीतूनच मॅडमना फोन लावला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. कालच त्यांनी दत्तकाचा अर्ज मागं घेतलाय. कारण दिलं नव्हतं."

बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा आम्ही फाटकाशी थांबलो होतो आणि मालगाडी संपता संपत नव्हती. त्या म्हणाल्या, "अर्ज मागं घेतला म्हणजे काय समजायचं? तुम्हीच सांगा. मला तर तोच निकाल वाटला."

प्रकरण बाल न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणजे एक साधी खोली, लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघत बोलायच्या. चष्मेवाल्यानं सगळं कबूल केलं. नमुना बाहेरच्या एका खासगी प्रयोगशाळेला पाठवला होता, आपलीच मुलगी आहे असं लिहून. गाणंवाली रडत नव्हती, ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसली होती.

"निकाल आला?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हो. तो—"

"थांबा. आला का, एवढंच विचारलंय. काय आला ते या खोलीत कुणी बोलणार नाही."

त्यांनी हुकूम दिला. प्रयोगशाळेनं नमुना आणि अहवाल नष्ट करायचा, खात्याच्या फाइलमध्ये निकालाचा शब्दही जायचा नाही, दोघांनी कुणाजवळ वाच्यता करायची नाही. दंडही केला. मग पेन ठेवून म्हणाल्या, "कागद नष्ट करता येतो. तुमच्या डोक्यात जे बसलंय त्याचं मी काय करू? ते मुलीचं होतं. तिच्या आधी ते तुमच्याकडे गेलं, आणि आता ते परत घेता येत नाही."

बाहेर आल्यावर मॅडम बाईंना म्हणाल्या, "अर्ज मागं घेतला तो कदाचित नुसत्या शरमेनं असेल. तसंही होतं."

"असेल," बाई म्हणाल्या.

त्या रात्रीपासून की काय, बाईंनी स्वतः भिंगरीला कायमचं आपल्याकडे ठेवायचं मनावर घेतलं. खात्यानं त्यांचं वय काढलं, एकटेपण काढलं. मॅडम म्हणाल्या, "ती विशीत येईल तेव्हा तुम्ही पासष्टीला येणार." बाई म्हणाल्या, "मग त्या वयात मला गाडीनं फिरवायला कुणीतरी लागेलच." भावानं लिहून दिलं की बहिणीला काही झालं तर मी आहे. डॉक्टरीणबाईंशीही खात्यानं त्यांची गाठ घालून दिली. त्यांनी एकच विचारलं, "समजा निकाल तुम्हाला माहीत असता, आणि वाईट असता. तर उद्यापासून तुम्ही काय वेगळं केलं असतंत?"

बाईंनी खूप विचार केला. "तिला रागावले नसते," त्या म्हणाल्या.

"मग नाही माहीत ते बरंच आहे. तिला रागावणारं कुणीतरी हवंच."

भिंगरीला एवढंच सांगितलं की काका-काकू येणार नाहीत. तिनं पेटीचं विचारलं आणि मग काहीच विचारलं नाही. ते काहीच न विचारणं बाईंना जास्त लागलं. पालकत्वाचा हुकूम हातात पडायला जवळजवळ दोन वर्षं गेली.

त्याच सुमारास ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एका गृहस्थानं फोनवरून गाडी शिकायचा पहिला धडा ठरवला. बाई गाडी घेऊन चौकात गेल्या तर समोर चष्मेवाला. तो काही न बोलता चालकाच्या जागेवर बसला. त्याला गाडी येत होती हे पहिल्याच वळणावर कळलं.

"माझं ऐकून घ्या," तो समोर बघत म्हणाला. "तिनं घर सोडलं. माझी बायको. मला हे एकट्यानं पेलवत नाही. मी फक्त एवढंच सांगतो की—"

बाईंनी ब्रेक दाबला. मागचा टेम्पो जोरात हॉर्न देत बाजूनं गेला.

"उतरा."

"तुम्हाला वाटतंय तसं कदाचित नसेल."

"मला काय वाटतंय ते तुम्हाला माहीत नाही. आणि तुम्हाला काय माहीत आहे ते मला नको. तुम्ही तोंड उघडलंत की आज घरी जाऊन मी तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघणार. चांगलं असेल तरी वेगळ्या आणि वाईट असेल तरी वेगळ्या. तुम्हाला जड होत असेल तर ते तुम्ही मागून घेतलंय. उतरा."

तो उतरला. बाईंनी गाडी बाजूला घेतली आणि तिथंच थांबून राहिल्या. कदाचित नसेल. यातल्या एकेका अक्षराचा त्यांनी पुढं कीस पाडला. तो तसं दिलासा द्यायला म्हणाला, की दार उघडायला? त्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा होता की पडलेला? "निकाल ऐकला नाही मी," त्या मला म्हणाल्या, "पण तो मनुष्य मला रोज काहीतरी सांगतोच."

भिंगरी वाढली. पेले फोडले, शाळेत पळण्यात पहिली आली, गणितात नापास झाली, बाईंनी रागवायचं तेवढं रागावून घेतलं. ती अठराची झाली तेव्हा नियमाप्रमाणे तिची फाइल तिच्यासमोर ठेवायची होती. बापाचा आजार रक्तातून उतरतो हे तिला एव्हाना माहीत होतं. तो कापूस कशासाठी होता ते नव्हतं. बाई आणि मॅडम दोघींनी मिळून सांगितलं, चष्मेवाला गाडीत आला होता तेही.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्याबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट मला सोडून एका चष्मेवाल्याला माहीत आहे."

मॅडमनी फाइल मिटली.

"आणि मावशी, तुला ती ऐकायची संधी आली होती."

"आली होती."

"आणि तू ऐकली नाहीस."

"नाही."

"का पण? मला तरी विचारायचं होतंस."

"तू अकरा वर्षांची होतीस गं."

भिंगरी उठून गॅलरीत गेली. दोन दिवस ती बाईंशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मला त्याच्या दुकानात जायचंय. गाडीनं सोड, आत येऊ नकोस.

आत काय झालं ते तिनं परतीच्या वाटेवर सांगितलं. तिनं डोळे तपासून मागितले. त्यानं तिला ओळखलं नाही. हनुवटी टेकवायला लावली, यंत्रातून तिच्या डोळ्यांत बघितलं, अक्षरं वाचून घेतली. नाव लिहायला पेन उचललं, तिनं नाव सांगितलं, आणि पेन तसंच राहिलं.

"मी निकाल विचारायला आले नाही," ती म्हणाली. "तो सांगू नका. मला एवढंच हवंय, आणखी कुणाला सांगितलंत?"

"कुणाला नाही. माझ्या बायकोला आणि मलाच माहीत आहे."

"नक्की?"

"एकदा तुमच्या मावशींना सांगायला गेलो होतो. त्यांनी गाडीतून उतरवलं."

"मग आता मरेपर्यंत कुणाला सांगू नका. आणि माझ्याकडे असं बघू नका."

तो म्हणाला, "कसं?" तिला सांगता आलं नाही.

गाडीत बसल्यावर बाईंनी विचारलं, "डोळ्यांचं काय म्हणाला?"

"नंबर नाही." मग ती काच खाली करून बाहेर बघत बसली. "मी त्याच्या तोंडाकडे सगळा वेळ बघत होते, मावशी. काही कळतं का म्हणून. नको म्हणत होते आणि बघत होते."

"मी पण तेच केलं होतं," बाई म्हणाल्या.

यानंतर भिंगरीनं डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि रद्द केली. परत घेतली, गेली, दोन बैठका केल्या, रक्त द्यायच्या दिवशी दारातून परत आली. एका मुलाशी तिचं जमलं, त्याला तिनं आधीच सगळं सांगितलं. तो म्हणाला तुझं तू ठरव, यावरही ती चिडली, म्हणाली सगळेच मला हे म्हणतात. आता ती दुसऱ्या गावात एका कारखान्यात काम करते. तपासणी केलेली नाही. करणार नाही असंही म्हणालेली नाही. बोलावं लागलं तर म्हणते, "आज नको."

परवा मी बाईंकडे गेले होते. लायसन्स मला केव्हाच मिळालं, जाणं-येणं राहिलं. भिंगरीचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला आणि ती भडाभडा बोलत असताना स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहिल्या. साहेब कसा आहे, खोलीत गळतंय, बूट चावतात. एका शब्दाला तिची जीभ अडखळली. कुणाचीही अडखळते तेवढीच. बाई थांबल्या.

"मावशी," पलीकडून आवाज आला, "ऐकतेयस का तपासतेयस?"

"ऐकतेय गं."

"काय म्हणाले मी आत्ता?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ओठांनीच 'बूट' म्हटलं.

"बूट चावतात म्हणालीस."

"ते मघाशी. त्यानंतर काय म्हणाले?"

"परत सांग," बाई म्हणाल्या, आणि या वेळी स्टूल ओढून बसल्या.